आकडीच्या काळातील रक्त-मेंदू अडथळा आणि अँटिऑक्सिडंट : प्रस्तावना

अपस्माराची आकडी ही आजवर प्रामुख्याने विद्युत्‌घटना म्हणून अभ्यासली गेली आहे. मेंदूतील असंख्य चेतापेशी एकाच वेळी, एकाच तालात आणि गरजेपेक्षा कितीतरी अधिक जोमाने संदेश सोडू लागतात, त्यामुळे शुद्ध हरपते, हातपाय ताठतात, त्यांना झटके बसतात, तर कधी माणूस नुसता काही क्षण शून्यात पाहत राहतो. हे वर्णन खरे असले तरी त्यात चेतापेशींना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा उल्लेख नाही, आणि गेल्या काही दशकांतील संशोधन वारंवार याच वगळलेल्या भागाकडे येऊन थांबते. आकडीच्या काळात मेंदूतील केशवाहिन्यांची भिंत झिरपू लागते, तिच्यातून एरवी मेंदूत न येणारी द्रव्ये आत उतरतात, आणि ही गळती पुढच्या आकडीची तयारी करून ठेवते. या भिंतीला जे घटक इजा करतात त्यांत ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंचा वाटा मोठा आहे. मग अशा रेणूंना आवर घालणाऱ्या द्रव्यांनी, म्हणजे अँटिऑक्सिडंटांनी, ही भिंत राखता येईल का, हा प्रश्न आपोआपच पुढे येतो.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य औषधे मिळूनही साधारण एक तृतीयांश रुग्णांची आकडी पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळे औषधांना जोड देणाऱ्या कोणत्याही उपायाकडे आशेने पाहिले जाणे साहजिक आहे. मात्र अँटिऑक्सिडंटांच्या बाबतीत या आशेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. अँटिऑक्सिडंटामुळे आकडी थांबते का, हा एक प्रश्न. आणि आकडी येत असताना अँटिऑक्सिडंटामुळे मेंदूच्या वाहिन्यांचे रक्षण होते का, हा दुसरा. प्राण्यांवरील प्रयोगांनी बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले, माणसांवरील चाचण्यांनी पहिल्याचे, आणि नंतर एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरले गेले. प्रस्तुत विषयाची मांडणी करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये काही विशेष सीमा असावी, याची पहिली खूण रंगद्रव्यांनी दिली. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात काही रंगद्रव्ये सोडली, तेव्हा शरीरातील बहुतेक अवयव रंगले, पण मेंदू पांढराच राहिला. मेंदूला या रंगांविषयी आकर्षण नसावे, असा अर्थ एर्लिख यांनी लावला. त्यांचेच सहकारी एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलट बाजूने प्रयोग केला. ट्रिपॅन ब्लू हे रंगद्रव्य त्यांनी रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या मस्तिष्क-मेरुद्रवात सोडले, तेव्हा मेंदू गडद निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. रंग मेंदूला चिकटतो, फक्त रक्तातून तिथवर पोहोचत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. जिनिव्हा येथे लीना स्टर्न आणि रेमाँ गोतिए यांनी या सीमेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९२१ मध्ये तिला रक्त-मेंदू अडथळा हे नाव रूढ करून दिले.

लीना स्टर्न यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयाच्या इतिहासात त्यांना मिळायला हवे तेवढे स्थान अजून मिळालेले नाही. १८७८ मध्ये रशियन साम्राज्यात जन्मलेल्या स्टर्न जिनिव्हा विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या, १९२५ मध्ये सोव्हिएत संघात गेल्या आणि १९३९ मध्ये तेथील विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. क्षयजन्य मेंदूज्वरात स्ट्रेप्टोमायसीन रक्तातून पुरेसे मेंदूत पोहोचत नाही, हे जाणून त्यांनी ते थेट मस्तिष्क-मेरुद्रवात देण्याचा मार्ग अवलंबला. ज्या सीमेचे वर्णन त्यांनी केले होते, तिलाच वळसा घालून त्यांनी रुग्ण वाचवले. १९४९ मध्ये त्यांना ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात अटक झाली, १९५२ मध्ये सहआरोपींना मृत्युदंड झाला आणि स्टर्न यांना कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. पुढे परतल्यावर १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या संशोधनाशी जोडलेल्या राहिल्या.

ही सीमा नेमकी कोठे आहे, हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत निश्चित सांगता आले नाही. १९६७ मध्ये टॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे प्रथिन उंदरांच्या रक्तात सोडून दाखवून दिले की, मेंदूतील केशवाहिन्यांच्या आतील अस्तर बनवणाऱ्या पेशींच्या मधल्या फटींतच ते अडून राहते. या अंतःस्तर पेशी शेजारच्या पेशीशी क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिन यांसारख्या प्रथिनांनी इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्या मधून पाण्यात विरघळणारा मध्यम आकाराचा रेणूही सहसा जाऊ शकत नाही. या शिवणींना घट्ट सांधे म्हणतात. अस्तराबाहेर कोलॅजेन आणि लॅमिनिन यांचे पातळ आधारपटल असते, त्यात पेरिसाइट नावाच्या पेशी रुतलेल्या असतात, आणि त्यांच्याही बाहेर ॲस्ट्रोसाइट या ताराकृती आधारपेशींची टोके वाहिनीला चहूबाजूंनी वेढतात. माणसाच्या मेंदूतील केशवाहिन्यांची एकत्रित लांबी सुमारे ६०० किलोमीटर मानली जाते. एवढ्या प्रचंड पृष्ठभागावर ही व्यवस्था अखंड टिकवणे हे शरीराचे मोठ्या खर्चाचे काम आहे, आणि जिथे खर्च मोठा तिथे बिघाडाच्या जागाही अनेक.

अडथळा म्हटले की डोळ्यांपुढे दगडी तट उभा राहतो, पण प्रत्यक्षात ही व्यवस्था नोंद ठेवून माल सोडणाऱ्या जकात नाक्यासारखी चालते. ग्लुकोज आत येण्यासाठी ग्लुट-१ हे वाहक प्रथिन आहे, अमिनो आम्लांसाठी वेगळी वाहक प्रथिने आहेत, आणि पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप आत शिरलेली अनेक परकी द्रव्ये, ज्यांत अपस्माराची काही औषधेही येतात, पुन्हा रक्तात फेकतात. सीमा शाबूत असली आणि तिच्यातील एकच वाहक सदोष असला तरी काय होते, हे १९९१ मध्ये डॅरिल डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या ग्लुट-१ कमतरतेच्या आजारात दिसते. या मुलांच्या रक्तात ग्लुकोज पुरेसे असते, मेंदूत मात्र ते अपुरे पोहोचते, आणि तान्हेपणीच त्यांना आकडी येऊ लागते. त्यांच्यावर स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदके अत्यल्प असलेला कीटोजेनिक आहार प्रभावी ठरतो, कारण त्यातून तयार होणारे कीटोन वेगळ्या वाहकाने मेंदूत जातात.

आकडी सुरू होते तेव्हा या व्यवस्थेवर एकाच वेळी अनेक बाजूंनी ताण येतो. शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो. आकडीत ही मागणी आणखी वाढते, मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो, स्नायूंच्या झटक्यांमुळे आणि अनुकंपी चेतासंस्थेच्या उद्रेकामुळे रक्तदाब झपाट्याने चढतो. त्याच वेळी चेतापेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य मोठ्या प्रमाणात सुटते, त्याच्या ग्राहींमधून कॅल्शियम पेशींत घुसते, आणि कॅल्शियमच्या या लोंढ्यामुळे ऑक्सिजनशी संबंधित अनेक विकरे, म्हणजे एंझाइमे, जागी होतात.

ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड तयार होते. हे मुक्त मूलक आहे. म्हणजे त्याच्याकडे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो आणि त्यामुळे ते शेजारच्या रेणूंशी सहज क्रिया करते. पेशींतील ऊर्जाकेंद्रे असलेल्या तंतुकणिकांमधून असे काही सुपरऑक्साइड नेहमीच निसटत असते, पण प्रदीर्घ आकडीत एनएडीपीएच ऑक्सिडेज आणि झँथीन ऑक्सिडेज ही विकरेही ते मोठ्या प्रमाणात निर्माण करतात, असे लंडनमधील प्रयोगांत दिसून आले आहे. सुपरऑक्साइडची नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट हे अधिक विध्वंसक द्रव्य बनते. सुपरऑक्साइडपासून बनलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला मोकळे लोह भेटले की हायड्रॉक्सिल मूलक बनते, आणि त्याच्या तडाख्यातून कोणताही सेंद्रिय रेणू सुटत नाही. मेंदूच्या पेशींची पटले बहुअसंतृप्त मेदाम्लांनी समृद्ध असल्यामुळे त्यांचे ऑक्सिडीभवन साखळीने पसरत जाते.

अंतःस्तर पेशींना या रसायनांची इजा तीन वाटांनी पोहोचते. घट्ट सांध्यांतील प्रथिने विस्कळीत होतात आणि पेशींच्या कडांवरून आत ओढली जातात. पेरॉक्सिनायट्राइटमुळे एमएमपी-९ नावाचे प्रथिनभक्षक विकर सक्रिय होते आणि ते आधारपटल कुरतडते. तिसरी वाट सांधे उघडण्याची नाही, तर पेशीच्या आरपार होणाऱ्या वाहतुकीची आहे: अंतःस्तर पेशी एरवी फारशा न बनवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे पुटिका, मोठ्या संख्येने बनवू लागतात, आणि रक्तातील प्रथिने त्या पिशव्यांत बसून पलीकडे उतरतात. आकडीतील गळतीचे चित्र बहुतेक वेळा भिंतीला भगदाड पडल्याचे रंगवले जाते, पण सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा सांधे जागच्या जागी दिसतात आणि पुटिकांची गर्दी मात्र वाढलेली आढळते. उपायांचा विचार करताना हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो, कारण सांधे जुळवणारे औषध पुटिकांना रोखेलच असे नाही.

मेंदू या माऱ्यापुढे अगदीच निःशस्त्र नसतो. सुपरऑक्साइडला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलणाऱ्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचा शोध जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये जाहीर केला. पुढचे काम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज करते, ज्याच्या क्रियाकेंद्रात सेलेनियम असते. पटलांत मेदाम्लांच्या साखळीला ई जीवनसत्त्व तोडते, आणि खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कामावर आणते. मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारे कॅटालेज मेंदूत कमी सक्रिय असते, आणि लांबलेल्या आकडीत ग्लुटाथायोनचा साठा घटत जातो. अँटिऑक्सिडंट उपचारामागील कल्पना या साठ्याला बाहेरून भर घालण्याची आहे.

गळतीचा परिणाम काय, हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याच्या उत्तराने अपस्माराकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. निरोगी अवस्थेत मस्तिष्क-मेरुद्रवातील अल्ब्युमिन हे रक्तातील अल्ब्युमिनच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतके असते. इस्रायलमधील बेअर शेव्हा येथे ॲलॉन फ्रीडमन यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील अडथळा मुद्दाम उघडला, आणि काही दिवसांनी त्याच जागी आकडीचे केंद्र तयार झाले. नुसते अल्ब्युमिन लावूनही तसेच घडले. पुढील कामातून असे दिसले की ॲस्ट्रोसाइट हे अल्ब्युमिन टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहीमार्फत आत घेतात, त्यानंतर पोटॅशियम शोषून घेण्याची त्यांची क्षमता घटते, आणि भोवतालच्या चेतापेशी साठलेल्या पोटॅशियममुळे चटकन उत्तेजित होऊ लागतात. रक्तदाबावर नेहमी दिले जाणारे लोसार्टन हे औषध उंदरांत याच साखळीत अडसर घालते, असे त्याच गटाने २०१४ मध्ये दाखवले. माणसांतही पुरावा आहे: मेंदूतील लिम्फोमा या कर्करोगावर औषध पोहोचावे म्हणून ज्या रुग्णांचा अडथळा मॅनिटॉलने मुद्दाम उघडला गेला, त्यांपैकी काहींना उपचार चालू असतानाच आकडी आली, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडीने सीमा पाझरते आणि पाझरलेली सीमा आकडीला निमंत्रण देते, हे दुष्टचक्र म्हणूनच निव्वळ कल्पना राहिलेले नाही.

अँटिऑक्सिडंट या चक्रात कोठे हस्तक्षेप करू शकतात, हे तपासण्याची जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत अशी. उंदराच्या शिरेत इव्हान्स ब्लू हे गडद निळे रंगद्रव्य सोडतात. ते रक्तातील अल्ब्युमिनला चिकटते, त्यामुळे जिथे अल्ब्युमिन जाईल तिथे रंग जातो. नंतर पेंटिलिनटेट्राझोल दिले की काही क्षणांत आकडी सुरू होते. हे तेच द्रव्य, जे १९३४ पासून हंगेरीतील लाडिस्लास मेडुना यांनी मानसिक आजारांवर आकडी आणून उपचार करण्यासाठी वापरले होते. आकडी संपल्यावर हृदयातून मिठाचे पाणी सोडून वाहिन्यांतील सारे रक्त धुऊन काढतात, आणि मग मेंदू बाहेर काढून त्याचे काप करतात. आकडी न आलेल्या उंदराचा काप फिकट पांढरा दिसतो. आकडी आलेल्याच्या कापात थॅलॅमस, हायपोथॅलॅमस आणि मध्यमेंदू यांत, पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारख्या जागी, निळे डाग उमटलेले असतात. हे भाग वेगळे करून त्यांतील रंग द्रावकात उतरवतात आणि प्रकाशशोषणावरून मोजतात. एवढ्यावरून गळतीचा आकडा मिळतो.

या प्रयोगात एक योगायोग दडलेला आहे. रंगद्रव्याला ज्यांचे नाव मिळाले ते हर्बर्ट मॅक्लीन इव्हान्स हे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ होते, आणि १९२२ मध्ये बर्कली येथे कॅथरीन बिशप यांच्यासह ई जीवनसत्त्वाचा शोध लावणारेही तेच. इस्तंबूलच्या वैद्यकीय विद्याशाखेत बारिया ओझ्ताश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन आकडीतील इव्हान्स ब्लूची गळती मोजली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा इव्हान्स यांच्या आयुष्यातील दोन्ही कामे एकाच प्रयोगात एकत्र आली. आधीपासून अँटिऑक्सिडंट मिळालेल्या प्राण्यांत गळती कमी आढळली. त्याआधी अमेरिकेत जेम्स विल्मोर यांनी मेंदूतील रक्तस्रावानंतर येणाऱ्या अपस्माराचे अनुकरण करण्यासाठी उंदरांच्या मेंदूच्या बाह्यपटलात लोहाचे क्षार टोचले होते, आणि १९८१ मध्ये त्यांनी दाखवले की ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम आधी दिले तर लोहामुळे होणारा बिघाड पुष्कळसा टळतो. अलीकडे, २०१९ मध्ये, मिलान येथील ॲनामारिया वेझानी यांच्या गटाने अधिक अवघड कसोटी लावली: त्यांनी एन-ॲसिटिलसिस्टीन आणि सल्फोराफेन ही द्रव्ये आकडीच्या आधी न देता प्रदीर्घ आकडी सुरू झाल्यानंतर दोन आठवडे दिली, आणि उंदरांत पुढे होणाऱ्या अपस्माराची वाटचाल मंदावली. उपचार उशिरा सुरू करूनही फरक पडतो, हे सांगणारा म्हणून या प्रयोगाचे मोल इतरांपेक्षा जास्त मानावे लागते. कारण रुग्ण दवाखान्यात येतो तो आकडी सुरू झाल्यावर.

या निष्कर्षांपुढे काही शंका ठामपणे मांडाव्या लागतात. पहिली रक्तदाबाविषयी आहे. प्रयोगात आकडीच्या वेळचा रक्तदाब चढू दिला नाही तर गळती बरीच घटते, हे जुन्या निरीक्षणांतून ठाऊक आहे. म्हणजे इजेचा काही भाग रासायनिक नसून यांत्रिक आहे. अँटिऑक्सिडंटाने आकडीच सौम्य केली असेल, तर गळतीतील घट ही सीमेच्या रक्षणाची नसून आकडीच्या सौम्यतेची असू शकते. दुसरी शंका रंगद्रव्याविषयी. अल्ब्युमिनला न चिकटलेले थोडे इव्हान्स ब्लूही ऊतीत उतरू शकते, त्यामुळे निळा रंग आणि प्रथिनांची गळती यांना एकरूप मानणे धोक्याचे आहे. तिसरी, आणि अधिक गंभीर, वेळेची: बहुतेक प्रयोगांत संरक्षण आधी देऊन मग आकडी आणली जाते, आणि अशी सोय प्रत्यक्ष रुग्णाला क्वचितच मिळते.

माणसांवरील चाचण्यांचा इतिहास छोटा आणि विसंगत आहे. १९८९ मध्ये ओगुनमेकन आणि ह्वांग यांनी औषधांना दाद न देणाऱ्या २४ मुलांना नेहमीच्या औषधांसोबत ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी दिली. जीवनसत्त्व मिळालेल्या १२ पैकी १० मुलांच्या आकड्यांत मोठी घट झाली. पाच वर्षांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी अपस्मार आटोक्यात नसलेल्या ४३ रुग्णांवर अशीच दुहेरी-अंध चाचणी केली, म्हणजे कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि त्यांना अर्थपूर्ण फरक आढळला नाही. दोन्ही चाचण्यांनी मोजली ती आकड्यांची संख्या. सीमेच्या गळतीचे मोजमाप त्या काळी रुग्णांत सहज शक्य नव्हते, त्यामुळे तसे न करण्याचा दोष संशोधकांना देता येत नाही. परंतु त्या निष्फळ चाचणीवरून ई जीवनसत्त्वाने माणसाच्या मेंदूतील वाहिन्या राखल्या जात नाहीत, असे म्हणणे तितकेच चूक आहे जितके उंदरांतील निळे डाग पुसट झाले म्हणून आकड्या थांबतील असे म्हणणे. पस्तीस वर्षांत या दोन विधानांमधील अंतर नीट भरून काढले गेले नाही, ही खेदाची बाब आहे.

ज्या सीमेचे रक्षण करायचे तीच सीमा औषधाची वाट अडवते, ही या विषयातील आणखी एक अडचण. ई जीवनसत्त्व मेंदूत फार मंद गतीने साठते. क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीभूत रूप ग्लुट-१ मधून आत जाते, पण मूळ रूप तसे जात नाही. सेलेनियम सेलेनोप्रोटीन-पी या वाहक प्रथिनावर बसून येते, आणि ते प्रथिन नसलेल्या उंदरांना आहारातील सेलेनियम कमी पडले की चेतासंस्थेचे विकार जडतात. हळदीतील कर्क्युमिनविषयी भारतात विशेष उत्सुकता असते आणि प्राण्यांत त्याचे परिणाम लक्षणीयही आहेत, मात्र तोंडाने घेतलेल्या कर्क्युमिनचा अत्यल्प अंश रक्तात पोहोचतो, तेव्हा रोजच्या भाजी-आमटीतील हळदीकडून आकडीत मेंदूच्या रक्षणाची अपेक्षा ठेवता येत नाही. या साऱ्यात एक दिलासा असा की अंतःस्तर पेशींची एक बाजू थेट रक्तात असते. जर उद्देश चेतापेशींपर्यंत पोहोचण्याचा नसून या पेशींनाच वाचवण्याचा असेल, तर द्रव्याला सीमा ओलांडावीच लागेल असे नाही. संशोधनाने या शक्यतेचा पुरेसा पाठपुरावा केला आहे असे वाटत नाही.

जीवनसत्त्वे निरुपद्रवी असतात, हा समज मात्र वेळीच दूर व्हायला हवा. अमेरिका आणि कॅनडातील ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील सिलेक्ट या चाचणीत नेमकी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हीच जोडी पारखली गेली. हेतू प्रोस्टेटचा कर्करोग टाळण्याचा होता, पण २०११ मध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विष यांतील अंतर अगदी कमी आहे. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर परिसरातील काही गावांत मातीतच सेलेनियम जास्त असल्याने जनावरांचे खूर आणि माणसांचे केस व नखे झडण्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराची कथाही याच अंगाने बोलकी आहे. त्यातून येणाऱ्या एक्लॅम्प्सियाच्या आकडीत मेंदूच्या वाहिन्या झिरपतात, म्हणून क आणि ई जीवनसत्त्वांनी हा विकार टळेल अशी आशा होती. २००६ मध्ये ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक गर्भवतींवरील चाचणीत तो टळला नाही, उलट कमी वजनाची बाळे जास्त जन्मली. याउलट २००२ च्या मॅगपाय चाचणीत, दहा हजारांहून अधिक स्त्रियांत, मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्याहून कमी केला. मॅग्नेशियमची ओळख अँटिऑक्सिडंट म्हणून नाही. ते ग्लुटामेटच्या एनएमडीए या ग्राहीतील कॅल्शियमची वाट अडवते आणि वाहिन्या सैलावते. साखळीच्या शेवटी मूलके टिपत बसण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे अधिक परिणामकारक ठरू शकते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

या दृष्टीने पाहता आकडीत सीमेचे पहिले संरक्षण आजही आकडी लवकर थांबवणे हेच आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या २०१५ च्या व्याख्येनुसार सर्वांगाला झटके देणारी आकडी ५ मिनिटांत थांबली नाही तर ती आपणहून थांबण्याची शक्यता घटते आणि उपचार सुरू करावे लागतात. ३० मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका वाढतो. मधल्या काळात वर वर्णन केलेले सारे रसायन मेंदूत घडत असते. महाराष्ट्रात अजूनही फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात ही मिनिटे जातात, आणि नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा भारतात मिळत असूनही पुष्कळ घरांत तो ठाऊक नसतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करून अपस्माराची औषधे परस्पर बंद करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर प्रस्तुत विषय थेट अपायकारक ठरतो, म्हणून येथेच नमूद करणे भाग आहे की पुढील पानांत वर्णिलेले कोणतेही द्रव्य त्या औषधांची जागा घेत नाही.

मोजमापाची अडचण आता हळूहळू दूर होत आहे. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन एमआरआयच्या प्रतिमा ठरावीक अंतराने घेतल्या, तर अडथळ्यातून किती द्रव्य झिरपते याचा अंदाज बांधता येतो, आणि २०१८ मध्ये जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी याच मार्गाने आकडीनंतरच्या तासांत रुग्णांच्या मेंदूतील गळती दाखवली. ॲस्ट्रोसाइटमधून रक्तात येणाऱ्या एस-१०० बी या प्रथिनाचे प्रमाणही सूचक म्हणून तपासले जात आहे. प्रदीर्घ आकडीने दवाखान्यात आलेल्या रुग्णाची आकडी औषधांनी थांबवल्यानंतर, पहिल्या काही तासांत, ज्याची सुरक्षितता पॅरासिटामॉलच्या विषबाधेच्या उपचारांतून दशकानुदशके ठाऊक आहे असे एन-ॲसिटिलसिस्टीन द्यावे किंवा निष्क्रिय द्रावण द्यावे, दोन्ही गटांतील गळती एमआरआयने मोजावी, आणि त्याच रुग्णांना पुढील दोन-तीन वर्षांत किती आकड्या येतात हे स्वतंत्रपणे नोंदवावे, अशी चाचणी आज आखता येण्याजोगी आहे. तिच्यात सीमेचा प्रश्न आणि आकडीचा प्रश्न प्रथमच एकाच रुग्णात, पण वेगवेगळ्या मापांनी विचारला जाईल.